मागचा भात

टिलबर्ग या डच गावात केळीचं पान मिळतं, पण गोठलेलं. स्टेशनच्या पलीकडे एका सुरिनामी माणसाचं दुकान आहे. तिथल्या फ्रीजरच्या तळाशी, कसावाच्या पिशव्यांखाली, घड्या घातलेली पानं बर्फ धरून पडलेली असतात. मृदुला त्या दिवशी सकाळीच सायकल दामटत तिथे गेली, दोन पाकिटं घेऊन आली आणि कोमट पाण्यात एकेक पान सोडवत बसली. अर्धी पानं फाटली. फाटणारच. पण साताऱ्याला बसून व्हिडिओ कॉलवरून देखरेख करणाऱ्या मंजूषाआत्याला ते कोण समजावणार?

"अगं, हलक्या हाताने सोडव ना," आत्या म्हणाली. "आणि अळू कुठाय?"

"आत्या, अळू नाही मिळत इथे. पालक घातलाय."

"पालक!" आत्याने कपाळाला हात लावला. "बरं, असू दे. दादा काही बोलायचा नाही. तुझ्या हातचं म्हटल्यावर पालकसुद्धा गोड लागेल त्याला."

सर्वपित्री अमावास्या होती. दादा म्हणजे मृदुलाचे वडील. ते जाऊन दीड वर्ष होऊन गेलं होतं, आणि ते गेले तेव्हा मृदुला विमानात होती. ती साताऱ्याला पोचली तोवर सगळं उरकलं होतं. तिला भाऊ नाही. यंदा आत्यानेच बजावलं की मुलगा नाही म्हणून काय झालं, तू घाल पान, त्याला पोचेल. मृदुलाचा अशा गोष्टींवर विश्वास होता असं नाही, नव्हता असंही नाही. बाबांसाठी काहीतरी करायचं राहिलंय ही टोचणी मात्र खरी होती. म्हणून ती ऑफिसला सुट्टी टाकून उडदाचे वडे तळत उभी होती.

तिचा नवरा अजित रोज ट्रेनने आणि मग सायकलने फेल्डहोवनला जायचा, चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत. मुलगी इरावती आठ वर्षांची, इथल्या इंग्रजी शाळेत. घर भाड्याचं, जुनं, विटांचं, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेतलं. दार उघडलं की पाय थेट फुटपाथवर. दाराशेजारी ही मोठी काचेची खिडकी, आणि तिला इथल्या रिवाजाप्रमाणे पडदा नाही. येणाऱ्याजाणाऱ्याने खुशाल आत बघावं, आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, असा सगळा मामला.

आणि दारासमोर, फुटपाथच्या विटांमध्ये बसवलेले ते तीन पितळी दगड. तळहाताएवढे. इथले लोक त्यांना ठेच लागण्याचे दगड म्हणतात. पायाला नव्हे, मनाला ठेच लागावी म्हणून. प्रत्येकावर कोरलेलं, 'इथे राहत होते', मग नाव, जन्माचं साल, ऑक्टोबर १९४२ मध्ये पकडून नेल्याचं, आणि शेवटी ऑशविट्झ. सिमोन हार्टोख. रोझेट हार्टोख. लिनी हार्टोख. लिनी सात वर्षांची होती.

राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात शेजारच्या रिया आजीबाईंनी तिला ते सांगितलं होतं. रिया ऐंशीला टेकलेल्या, पण वर्षातून दोनदा गुडघ्याखाली उशी घेऊन त्या हे दगड स्वतः घासून लख्ख करायच्या.

"माझी आई तेव्हा इथेच राहायची, या शेजारच्या घरात," रिया म्हणाल्या होत्या. "हार्टोख ज्यू, लोकरी कापडाचा व्यापारी. फार सभ्य माणसं. त्यांना न्यायला आले ते कुणी परके नव्हते, आमच्याच भाषेत बोलणारे पोलीस होते. आईने खिडकीतून पाहिलं. ती तिघं टेबलावर जेवायला बसली होती. सूप नुकतंच वाढलेलं... वाफ येत होती म्हणे. तसंच उठवलं त्यांना. दुसऱ्या दिवशी आईने पाहिलं तर ताटल्या तशाच. मुलीचा चमचा सुपात उभा."

ती वाफ मृदुलाच्या डोक्यात बसून राहिली. पुढची दोन वर्षं दारातून पाऊल टाकताना ती त्या दगडांना वळसा घालायची, आणि चुकून पाय लागलाच तर वाकून नमस्कार करायची. इरावती लाजायची. "आई, नॉट इन फ्रंट ऑफ पीपल," म्हणायची.

तर दुपारी बाबांचं पान मागच्या अंगणात ठेवलं. इथले कावळे आपल्याहून लहान, मानेला राखाडी शाल गुंडाळल्यासारखे. मृदुला दोन पावलं मागे सरते न सरते तोच त्यातला एक कुंपणावरून उतरला, वडा उचलला आणि गेला. फोनमध्ये आत्या हुंदके देऊ लागली. मृदुलाही तिथेच ओल्या गवतात बसून रडली. दीड वर्ष अडकून राहिलेलं रडू होतं ते, छान मोकळं झालं.

माणसाचं मन असं भरून आलं की त्याला वाटतं, आता सगळ्यांचंच भलं करावं. तिने दुसरं पान घेतलं, त्यातल्या त्यात कमी फाटलेलं. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं वाढलं आणि पुढच्या दारी नेऊन पितळी दगडांपाशी ठेवलं. उपाशी उठवलेली माणसं. त्यांना कुणी आजवर पान वाढलं असेल? रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. भुरभुर पाऊस होता.

खरं तर तिने त्यांची नावं घ्यायला हवी होती. डोळ्यांसमोर कोरलेली होती ना! पण उच्चार चुकेल, मेलेल्या माणसांची नावं आपण आपल्या जिभेने वाकडी करू, असं वाटून ती अडखळली. आणि तोंडात आपोआप आलं ते बाबांचं वाक्य. साताऱ्याच्या घरी सगळी पानं झाली की बाबा शेवटचं एक पान कुंपणाबाहेर ठेवायचे आणि मोठ्याने म्हणायचे, ते तिने जसंच्या तसं म्हटलं.

"ज्यांचं कुणी नाही, ज्यांचं नाव कुणी घेत नाही, त्या सगळ्यांनी या. पोटभर जेवा."

साताऱ्यात हे म्हणायला काही हरकत नव्हती. तिथे कुंपणाबाहेर कोण कोण मेलंय हे बाबांना ठाऊक होतं. इथे मृदुलाला काय ठाऊक होतं?

संध्याकाळी सातच्या सुमारास ती पान उचलायला बाहेर आली. अजितची ट्रेन नेहमीप्रमाणे रखडली होती. इरावती आत टेबलाच्या एका टोकाला चित्र रंगवत बसली होती. पान होतं तसंच होतं. एका पाखरानेही चोच लावली नव्हती. पण त्यावरचं अन्न कसंतरीच दिसत होतं, फिकं, रंग धुऊन निघाल्यासारखं. मृदुलाने पान गुंडाळलं, उठून उभी राहिली आणि सहज स्वतःच्या खिडकीतून आत पाहिलं.

दिवा लागलेला. टेबल. टेबलाच्या टोकाला इरावती, खाली मान घालून हिरवा रंग घासत असलेली. आणि उरलेल्या तीन खुर्च्यांवर तीन माणसं बसलेली. जाड कोट घातलेला एक माणूस, केस मागे बांधलेली एक बाई, आणि त्यांच्यामध्ये एक मुलगी. ती जेवत होती. घाईघाईने नाही, हावरेपणाने नाही... फार दिवसांनी घरचं जेवण मिळालेली माणसं जशी मान खाली घालून, एकमेकांशी न बोलता जेवतात तशी. मुलगी बोटाने खीर चाटत होती. बाईने तिच्या मनगटावर हळूच चापट मारली.

मृदुलाच्या हातातलं पान गळून पडलं. ती धावत आत गेली.

खोलीत कुणी नव्हतं. खुर्च्या मात्र मागे ओढलेल्या होत्या, आणि खोलीभर पावसात भिजलेल्या लोकरीचा वास होता.

"इरा... इथे कोण होतं?"

इरावतीने मान वरही केली नाही. "दे आर स्टिल ईटिंग, आई," ती कुजबुजली. "डोन्ट स्टेअर. इट्स रूड."

मृदुला घाबरली होती, पण खरं सांगायचं तर त्या भीतीत तिरस्कार नव्हता. तीच बोलावून बसली होती ना? दारात आलेल्या पाहुण्याला बघून किंचाळायचं, ही तिच्या घरची रीत नव्हती. ती स्वयंपाकघरात गेली, खिरीचं पातेलं आणलं, तीन ताटल्या मांडल्या आणि रिकाम्या खुर्च्यांकडे न बघता म्हणाली, "आणखी वाढू का?"

चमचा ताटलीला लागल्याचा आवाज आला. अगदी बारीक.

आणि तेव्हाच रस्त्याच्या टोकाकडून पावलं वाजू लागली. टाचेला लोखंड ठोकलेल्या बुटांची. रस्ता विटांचा, आवाज लांबून येतो. पावलं घाईत नव्हती. प्रत्येक दाराशी जरा थांबत, मग पुढे येत होती. एक दार... दुसरं दार... रियांचं दार. मग तिच्या दारातली घंटा वाजली.

दाराच्या खरबरीत काचेपलीकडे दोन काळे आकार होते. दाराच्या मध्यावर पत्र टाकायची फट असते, तिची झडप हळूच उचलली गेली. तंबाखूचा ओला, जुना वास आत आला.

"शुभ संध्याकाळ, मेव्राऊ."

मेव्राऊ म्हणजे बाईसाहेब. मृदुलाचं डच जेमतेम, भाजीवाल्यापुरतं. पण आज तिला शब्दन् शब्द कळत होता.

"कोण... कोण आहे?"

"तुम्ही बोलावलंत."

"मी? नाही... मी कुणाला नाही..."

"दुपारी. इथेच उभ्या राहून. ज्यांचं नाव कुणी घेत नाही त्या सगळ्यांनी या, म्हणालात." झडप आणखी जराशी उचलली गेली. "आमचं नाव कुणी घेत नाही, मेव्राऊ. यांच्या नावाला पितळ तरी लावलंय."

त्या आवाजात राग नव्हता, धमकीही नव्हती. दिवसभर खिडकीमागे बसून थकलेल्या कारकुनाचा आवाज होता तो. मृदुलाला असे आवाज चांगले माहीत होते. या देशात आल्यापासून तिने नगरपालिकेत, व्हिसाच्या ऑफिसात, विम्याच्या फोनवर हेच केलं होतं, म्हणजे विचारलं ते खरं सांगायचं, मागितलं ते दाखवायचं, उघड म्हटलं की उघडायचं. परक्या मुलखात राहणाऱ्याच्या अंगात हे मुरलेलं असतं. तिचा हात कडीकडे गेलासुद्धा.

"आत तिघं आहेत," आवाज म्हणाला. "त्यांना न्यायचंय. उघडा."

पाठीमागे चमच्यांचा आवाज थांबला. ती शांतता मृदुला जन्मात विसरणार नव्हती. तीन माणसांनी एकदम श्वास धरल्याची शांतता.

आणि त्या क्षणी तिला कुठून बळ आलं कोण जाणे. तिने हात मागे घेतला.

"ते जेवतायत," ती मराठीतच म्हणाली. "जेवत्या माणसाला पानावरून उठवत नाहीत. एकदा उठवलंत तेवढं पुरे. माझ्या घरात नाही उठवायचं."

बाहेर कुजबुज झाली. दोन माणसं नियम तपासून बघावा तशी आपसात बोलत होती.

"बरोबर आहे," शेवटी आवाज म्हणाला. "जेवण होऊ द्या. आम्ही थांबतो."

झडप हळूच मिटली. पावलं मात्र गेली नाहीत. खिडकीसमोर ती इकडून तिकडे, तिकडून इकडे वाजत राहिली. फुटपाथवर कुणीही दिसत नव्हतं. अजित सायकल हातात धरून आला तेव्हाच ती थांबली.

अजितला तिने सगळं सांगितलं. अजित सरळ माणूस. त्याने हसण्यावारी नेलं नाही, पण विश्वासही ठेवला नाही. "मृदू, बाबांचं तू आजवर मनात दाबून ठेवलं होतंस," तो म्हणाला. "एकदा फॅमिली डॉक्टरकडे जाऊ या का? नुसतं बोलायला?" ती बरं म्हणाली. डॉक्टर बाईंनी तिला भरपूर चाला म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने पुन्हा तीन ताटल्या मांडल्या. न मांडून कसं चालेल? जेवण संपेपर्यंत थांबतो म्हणून ती माणसं बाहेर उभी होती. म्हणजे जेवण संपायलाच नको.

आणि जेवण न संपवण्याची युक्ती तिच्याजवळ होती. आपल्याकडे जेवणाला एक शेवट असतो. पोळी होते, भात-आमटी होते, पण मागचा भात होईपर्यंत पान पुरं होत नाही. दह्याचा किंवा ताकाचा तो शेवटचा घास घेतला की माणूस हात धुवायला मोकळा. मृदुला रोज सगळं वाढायची, मागचा भात वाढायची नाही. घरात दहीच आणणं तिने बंद केलं. दुसऱ्या दिवशी ताटल्यांतलं अन्न तसंच असायचं, पण चाखून पाहिलं तर अळणी, गोडातली गोडी गेलेली, तिखटातलं तिखट गेलेलं.

रोज अंधार पडला की पावलं यायची. कधीकधी झडप उचलली जायची.

"झालं का, मेव्राऊ?"

"नाही अजून. मागचा भात व्हायचाय."

"ठीक. तो झाला की सांगा."

हे उत्तर देऊन आपण त्यांच्या हाती काय दिलं, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. तेवढी एक संध्याकाळ टळली याचंच तिला समाधान.

घर बदलावं असं अजित एकदा म्हणाला. तिने साफ नकार दिला. पानावर माणसं टाकून कुणी घर सोडतं का? आणि आता तिला त्यांचा लळाही लागला होता, हे ती स्वतःशीच कबूल करायची. पाऊस नसेल तेव्हा ती मुद्दाम बाहेर जाऊन खिडकीतून बघायची. बाहेरूनच ती दिसत. सिमोन जेवताना बायकोकडे अर्धी पोळी सरकवायचा. रोझेट एकेका भाजीचा आधी वास घ्यायची. लिनीला वडे आवडायचे. इरावती आपले रंगाचे खडू टेबलावरून ढकलायची आणि लिनीचा फिका हात ते उचलायचा. एवढी साधी माणसं. एकदा तरी त्यांचं जेवण सुखाने व्हावं, त्यांना कुणी उठवू नये, एवढंच मृदुलाला हवं होतं, आणि ते सारं एका न वाढलेल्या भातावर टांगलेलं होतं.

नोव्हेंबर सरत आला. साडेचारलाच अंधार व्हायला लागला. आठवड्यातून दोन दिवस मृदुलाला कापेल आन डेन आयसेल या गावच्या ऑफिसात जावं लागायचं. जाताना ती ताटल्या भरून, झाकून ठेवायची आणि संध्याकाळी वेळेत परतायची. त्या दिवशी रुळांवर काहीतरी बिघाड झाला आणि गाडी मधेच, शेतांच्या काळोखात, उभी राहिली. तिने अजितला फोन केला. तो मीटिंगमध्ये होता. बऱ्याच वेळाने त्याचा मेसेज आला.

"काळजी करू नको. आज घरून काम करतोय. इराला जेवायला घातलं. तुझी पानंही मी वाढली."

मृदुलाचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत त्याने प्रथमच 'तुझी पानं' म्हटलं होतं, थट्टा न करता. मग खाली आणखी एक ओळ आली.

"नीट वाढलंय, अगदी रीतसर. तुझ्या लक्षात राहत नाही म्हणून मी दही आणून शेवटी दहीभातही वाढला. बाबांना आवडायचा ना."

तिने वेड्यासारखे फोन लावले. अजित उचलेना. त्याचं कॅलिफोर्नियाशी बोलणं सुरू झालं असणार. त्या वेळी तो माळ्यावरच्या खोलीत कानांवर हेडफोन चढवून बसायचा. खाली घर पडलं तरी त्याला ऐकू जायचं नाही. त्याच्यावर चिडावं तरी कसं? बिचाऱ्याने प्रेमाने केलं होतं. पानावर मागचा भात नाही हे कुठल्याही मराठी माणसाला खटकलंच असतं.

टिलबर्गच्या स्टेशनावर उतरून तिने सायकल अशी पळवली की छातीत कळ आली. ती गल्लीत वळली. सगळ्या खिडक्यांत दिवे होते, माणसं टीव्ही बघत होती. तिच्या घराचं दार सताड उघडं होतं. मागचा भात झाला होता, आता त्यांना अडवायला काही उरलं नव्हतं.

खिडकीतून दिसलं की टेबलापाशी दोनच माणसं आहेत. उभी. सिमोन कोटाची बटणं लावत होता. रोझेट रुमालाने तोंड पुसत होती. मधली खुर्ची रिकामी होती. मग ती दोघं दाराबाहेर आली, आणि त्यांच्या दोन बाजूंना दोन माणसं. मृदुला सायकल धरून फुटपाथवर खिळून उभी राहिली. तिने त्या दोघांचे चेहरे पाहिले, आणि त्यांत पाहण्यासारखं काहीही नव्हतं. नजर वळवली की विसरायला होतील असे साधे, सभ्य चेहरे.

रोझेट तिच्या अगदी जवळून गेली. ओल्या लोकरीचा वास आला. तिने मृदुलाकडे पाहिलं, मग एकदाच, निमिषभर, वरच्या मजल्यावरच्या इरावतीच्या खिडकीकडे पाहिलं आणि चटकन नजर खाली घेतली. एका आईने दुसऱ्या आईला सांगायचं ते सांगून झालं होतं.

मृदुलाने सायकल टाकली आणि धावत जाऊन उंबऱ्यात उभी राहिली. नेणाऱ्या दोघांपैकी एकजण थांबला आणि मागे वळला. बाकीची तिघं अंधारात पुढे गेली. पावलं विरत गेली. हा एकटाच परत आला.

"तिघं होती, मेव्राऊ," तो म्हणाला. "मुलगी कुठे आहे?"

"कोण मुलगी?"

"घरात मूल आहे?"

"आहे. माझी. एकच." या देशात आल्यापासून कुठल्याही अधिकाऱ्याला सांगितलेलं हे तिचं पहिलं खोटं. आवाज कापला नाही याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

त्याने मान वर करून छताकडे पाहिलं. वर लाकडी जमिनीवर लहान पावलं वाजली. एकाची नव्हे, दोघांची. मग थांबली.

"बोलवा तिला खाली," तो म्हणाला.

नाही म्हणावं तर तो वर जाणार. हाक मारावी तर...

"इरा," तिने हाक मारली. "बाळा... खाली ये जरा."

जिना करकरला. वरचा दिवा पाठीमागे होता, त्यामुळे उतरणाऱ्या मुलीचा चेहरा अंधारात होता. इरावतीचा पिवळा पायजमा. इरावतीच्या चपला. मृदुलाने तिच्याकडे नीट पाहिलं नाही. पाहायची तिची हिंमत झाली नाही. मुलगी शेजारी येऊन उभी राहिली तसा तिने तिचा हात हातात घेतला, आपल्या लेकराचा घ्यावा तसा, घट्ट.

"ही माझी मुलगी," ती म्हणाली.

तो माणूस गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. "नाव काय तुझं?"

"इरावती अजित टिपणीस," मुलगी म्हणाली. स्वच्छ, ठाशीव मराठीत, बापाचं नाव मध्ये घेऊन. इरावतीने आपलं नाव असं कधीच सांगितलं नव्हतं. शाळेत आणि घरीदारी ती नुसती इरा होती.

तो माणूस सरळ झाला.

"इरावती अजित टिपणीस," त्याने सावकाश म्हणून पाहिलं. उच्चार अगदी बरोबर होता. "छान. आता नाव आहे आमच्याजवळ."

त्याने टोपीला हात लावला आणि तो निघून गेला. मृदुलाने दार लावलं, कडी घातली, वरचा अडसरही सरकवला. रस्ता गप्प झाला. माळ्यावरून अजितच्या इंग्रजीतल्या हसण्याचा आवाज आला. ती दाराला पाठ लावून उभी होती, आणि तिच्या हातातला तो लहानसा हात थंडगार होता.

तेवढ्यात जिन्याच्या वरच्या टोकावरून, पलंगाखाली लपून धूळ खाल्ल्यासारख्या खोकत्या आवाजात, इरावतीने विचारलं,

"आई... आर दे गॉन?"

मृदुलाने खाली पाहिलं नाही. हातातला हातही सोडला नाही, आणि त्या हातानेही तिला सोडलं नाही.